सीएसएमटी सावकाश पाहण्यासाठी: कुठे उभं राहायचं, कुठून शिरायचं, काय शोधायचं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं चित्र डोळ्यांसमोर नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. तरीही हे स्थानक सावकाश पाहिलेली माणसं थोडीच. रोज तिथे उतरणाऱ्यांना सवड नसते. सकाळी ऑफिसची घाई, संध्याकाळी नजर इंडिकेटरवर. बाहेरगावहून आलेले लोक रस्त्यापलीकडून एक फोटो काढतात आणि गेटवेकडे निघतात. दोघांचंही नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. घुमट तर लांबूनही दिसतो, पण या वास्तूचं खरं वैभव हाताच्या अंतरावरच्या दगडांत आणि रोजच्या वापरातल्या दालनांत आहे. तिकडे जाण्यासाठी बहुतेक वेळा साधं लोकलचं तिकीट पुरतं.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. वास्तुकलेची माहिती असायची गरज नाही. दोन-अडीच तास हाताशी ठेवा, पायात चालायच्या चपला घाला. घरात छोटी दुर्बीण असेल तर आठवणीने घ्या. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ ओढून पाहता येतं, पण दुर्बिणीची सर त्याला नाही.

पायरी १: आधी मांडणी डोक्यात बसवा

बाहेरून एकच भव्य इमारत दिसत असली तरी सीएसएमटी म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या तीन जागा आहेत.

पहिली, रस्त्यावरून दिसणारी घुमटाची दगडी इमारत. ही मुळात रेल्वे कंपनीची कचेरी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीने आपलं मुख्यालय म्हणून ती बांधली. आज तिथे मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. दुसरी जागा म्हणजे तिला लागून असलेलं लोकलचं स्थानक. तिसरी, आणखी पूर्वेला, मेल-एक्स्प्रेसचं स्थानक. हे बरंच नंतरचं, १९२०च्या दशकाच्या अखेरीस लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वाढवलेलं. लोक ज्याला 'व्हीटीची बिल्डिंग' म्हणतात ती पहिली जागा. तुमची गाडी सुटते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेतून. नवखा माणूस नेमका इथे चुकतो. घुमटाखालच्या फाटकापाशी बॅगा घेऊन उभा राहतो आणि फलाट कुठे आहेत ते विचारत बसतो. ते फाटक कचेरीच्या अंगणाचं आहे, फलाटांचं नाही.

आता दिशा. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्याकडे. तुम्ही रस्त्यावरून इमारतीकडे तोंड करून उभे राहिलात की डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला. रूळ उत्तरेकडे जातात, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, मशीद आणि भायखळ्याच्या दिशेने. उजव्या हाताला थोडं पुढे गेलं की जनरल पोस्ट ऑफिसचा, जीपीओचा, मोठा घुमट दिसतो. मेल-एक्स्प्रेसचं स्थानक त्या बाजूला, मागे.

फलाटांचे क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. एकूण १८ फलाट. १ ते ७ लोकलचे. त्यात १ आणि २ हार्बरचे, उरलेले मेन लाइनचे. ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. फलाट क्रमांक १८ च्या पलीकडे पी. डिमेलो रस्ता लागतो. लांबच्या गाडीने जाणार असाल आणि सामान जड असेल, तर टॅक्सीवाल्याला आधीच 'मेलच्या बाजूला' किंवा गाडी शेवटच्या फलाटांवरून सुटत असेल तर 'डिमेलो रोडच्या बाजूला' असं सांगा. नाहीतर घुमटासमोर उतरून सगळं स्थानक आडवं चालावं लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. हे टर्मिनस आहे, इथे रूळ संपतात. दादर किंवा ठाण्याला या फलाटावरून त्या फलाटावर जायचं तर जिना चढून पूल ओलांडावा लागतो. इथे सगळ्या फलाटांची डोकी एकाच बाजूला मोकळ्या दालनात उघडतात. त्यामुळे एकही पायरी न चढता एका टोकाच्या फलाटावरून दुसऱ्या टोकाच्या फलाटापर्यंत सपाटीवरून चालत जाता येतं. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

पायरी २: वेळ निवडा

इमारतीचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन तिच्या पाठीमागून येतं आणि समोरची बाजू सावलीत राहते. नक्षी पाहायची तर दुपारी तीननंतर जा. उतरतं ऊन दगडावर तिरकं पडलं की कोरीवकामाच्या सावल्या गडद होतात आणि सकाळी सपाट वाटलेली पट्टी एकदम उठून दिसते.

गर्दीचा हिशोब मात्र याच्या उलट आहे. संध्याकाळी पाच वाजले की सगळा फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट या स्थानकाकडे वळतो. त्यानंतर तिकीटघरात मान वर करून उभं राहणं म्हणजे लोकांच्या वाटेत येणं. म्हणून तीन ते पाच ही वेळ उत्तम. रविवारी रस्ते मोकळे असतात, फोटो छान येतात, पण मुख्यालयातलं वारसा संग्रहालय कामाच्या दिवशी दुपारी उघडं असतं. घुमटाखालचा जिना पाहायची इच्छा असेल तर रविवार सोडा. आणि रविवारी जायचं ठरलंच, तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

पावसाळा टाळू नका. आभाळ भरून आलेलं असताना ओला दगड गडद होतो आणि त्याच्या निरनिराळ्या रंगछटा कोरड्या उन्हापेक्षा जास्त स्पष्ट दिसतात.

पायरी ३: रस्त्यापलीकडून सुरुवात करा

स्थानकातून उतरलात तर भुयारी मार्गाने महापालिकेच्या बाजूला बाहेर या. भुयारात फाटे बरेच आहेत, त्यामुळे अंदाजाने चालू नका, पाट्या वाचा. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांनाही हीच सूचना.

महापालिकेच्या इमारतीसमोरच्या पदपथावर उभे राहा आणि आधी फक्त आकार बघा. मधला भाग रस्त्यापासून मागे सरकलेला आणि दोन्ही बाजूंच्या विंग पुढे आलेल्या. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा आराखडा. त्या दोन विंगांच्या कुशीत अंगण आणि बाग. विंगांच्या कोपऱ्यांवर मनोरे आहेत आणि त्यांच्यामुळे मधला घुमट तोलून धरल्यासारखा दिसतो. एक बोट आडवं धरून कोपऱ्यावरचे मनोरे झाकून पाहा. घुमट एकटा पडतो. बोट काढलं की पुन्हा सगळं जागेवर येतं. आराखडा करणाऱ्याचं कसब कळायला एवढं पुरे.

आराखडा करणारा म्हणजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. खर्च आला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. दरम्यान १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला आणि स्थानकाला तिचं नाव मिळालं. त्याआधी इथे बोरीबंदरचं साधं स्थानक होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी त्याच बोरीबंदरहून सुटली होती. या कामावर स्टीव्हन्सबरोबर सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं. त्याआधी २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते दाखल झालं होतं.

आता घुमट. तो अष्टकोनी आहे आणि त्याच्या दगडी फासळ्या बाहेरूनही मोजता येतात. घुमट किंवा मोठी कमान बांधताना गवंडी खाली लाकडाचं सेंटरिंग उभं करतात, त्यावर दगड रचतात आणि बांधकाम पक्कं झालं की सेंटरिंग काढतात. हा घुमट सेंटरिंगशिवाय बांधला गेला. फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा करून अडकवले आणि प्रत्येक थराने वरच्या थराचा भार पेलला. त्या काळी ही मोठी करामत मानली गेली. आजही एखाद्या अनुभवी गवंड्याला विचारा, तो दोन मिनिटं गप्प होईल.

घुमटाच्या टोकावर स्त्रीची मूर्ती आहे. ती 'प्रगती'. उजव्या हातात वर धरलेली मशाल, डाव्या हाताशी आरे असलेलं चाक. खालून बोटभर दिसणारी ही मूर्ती प्रत्यक्षात माणसापेक्षा कितीतरी उंच आहे. दुर्बीण असेल तर चाकावर रोखा. रेल्वेच्या इमारतीवर चाक असणारच, पण कंपनीने ते थेट प्रगतीच्या हाती दिलं. त्या काळच्या रेल्वे कंपनीचा स्वतःबद्दलचा विश्वास एवढ्या एका मूर्तीत दिसतो.

नजर सरळ खाली आणा. दर्शनी त्रिकोणी भिंतीत मोठं घड्याळ आहे. त्याची तबकडी साडेदहा फूट व्यासाची. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा दिसेल. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला आणि कोनाडा तसाच राहिला. नवखे लोक हा कोनाडा पाहून काहीतरी पडलं असेल असं समजतात, म्हणून सांगितलं.

बाकीच्या त्रिकोणी माथ्यांवरही शिल्पगट आहेत. शेती, व्यापार, अभियांत्रिकी आणि विज्ञान यांना मनुष्यरूप दिलं आहे. कोणतं शिल्प कशाचं ते हातातल्या वस्तूंवरून ओळखायचं. मुलं बरोबर असतील तर हा खेळ त्यांच्यावर सोपवा, अर्धा तास सहज जातो.

पायरी ४: फाटकापाशी या

रस्ता ओलांडताना घाई करू नका, वाहतूक चारी बाजूंनी येते. भुयारच बरं.

अंगणाच्या फाटकाच्या खांबांवर दोन प्राणी बसले आहेत, एक सिंह आणि एक वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. हे दोघे आणि घुमटावरची 'प्रगती' ही सगळी थॉमस अर्प या शिल्पकाराची कामं. वाघ नीट पाहा. तो पाळीव किंवा हरलेला वाटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पारतंत्र्यात या फाटकासमोरून ये-जा केली. त्यांना तो वाघ काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

इथून भिंतीकडे पाहिलं की गोल चौकटींमध्ये बसवलेले चेहरे दिसू लागतात. रेल्वेशी आणि मुंबईच्या कारभाराशी संबंध असलेल्या माणसांचे हे अर्धपुतळे. बहुतेक इंग्रज. पण त्यांत दोन चेहरे आपले आहेत: सर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट. नाना शंकरशेटांचा चेहरा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून १८४०च्या दशकात ज्यांनी खटपट केली त्यांत नाना अग्रभागी होते. ते १८६५ मध्ये गेले, म्हणजे ही इमारत त्यांनी पाहिली नाही. दगडातले नाना पगडी घालून लाटसाहेबांच्या रांगेत बसले आहेत. अनेक मराठी माणसं रोज त्यांच्या खालून जातात आणि त्यांना हे माहीत नसतं. एकदा दिसले की मग प्रत्येक वेळी दिसतात.

थोर मंडळींशिवाय निरनिराळ्या समाजांच्या साध्या माणसांचे चेहरेही कोरले आहेत, कुणाच्या डोक्यावर पागोटं, कुणाच्या पगडी. शिरोभूषणावरून माणूस ओळखायची त्या काळची रीत दगडात उतरली आहे.

पायरी ५: आता भिंतीला जवळून भिडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

इमारतीची शैली व्हिक्टोरियन काळातली गॉथिक. टोकदार कमानी, उंच निमुळते कळस, रंगीत काचा, भिंतीतून बाहेर झुकलेली प्राण्यांची तोंडं ही या शैलीची ठरलेली सामग्री आणि तिचा उगम युरोपातल्या मध्ययुगीन इमारतींत आहे. इथे मात्र ती सामग्री मुंबईच्या हातांतून गेली. कोरीवकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. ही शाळा याच रस्त्यावर, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, चालत जाण्याइतकी जवळ. म्हणजे या भिंतींवरचं बरंचसं काम शिकणाऱ्या पोरांचं आहे. त्यांनी आजूबाजूला जे पाहिलं ते कोरलं.

पुरावा हवा असेल तर खिडक्यांवरच्या कमानींमध्ये मोर शोधा. पिसारा फुलवलेला मोर कमानीच्या अर्धगोलात इतका चपखल बसतो की कमान त्याच्यासाठीच काढली असं वाटावं. पिसाऱ्याच्या रेषा मधून सुटून कडेकडेला पसरतात आणि कमानीची वळणदार कड गाठतात. प्रत्येक पीस वेगळं, प्रत्येक डोळा कोरलेला. युरोपातल्या गॉथिक देवळात या जागी संत किंवा देवदूत असता.

मग छपराच्या कडेला नजर लावा. भिंतीतून आडवी बाहेर आलेली श्वापदांची तोंडं दिसतील, जबडे उघडे. शोभेपेक्षा त्यांचं मूळ काम पन्हळीचं. छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू न देता लांब फेकायचं. मुंबईच्या पावसात ही किती गरजेची गोष्ट आहे ते आपल्याला सांगायला नको.

दगडाच्या रंगाकडेही पाहा. मुख्य बांधकाम वालुकाश्म आणि चुनखडीच्या दगडाचं, सजावटीच्या खास जागी इटालियन संगमरवर. एकाच कमानीत फिकट आणि गडद दगड आलटून पालटून बसवलेले दिसतील. इथे रंग लावलेला नाही, दगडच रंगासारखा वापरला आहे.

हात मात्र लावू नका. घामट हातांच्या स्पर्शाने मऊ दगडावरचं बारीक काम झिजतं, आणि इथून रोज जाणाऱ्या हातांची संख्या तुम्हीच मनात आणा.

पायरी ६: तिकीट काढायच्या निमित्ताने स्टार चेंबर

उत्तरेकडच्या विंगेत, तळमजल्यावर, लोकलचं तिकीटघर आहे. याला स्टार चेंबर म्हणतात. माझ्या मते मुंबईतलं हे सगळ्यात सुंदर सार्वजनिक दालन आहे. आत जायला परवानगी नको, वेळ ठरवायला नको, कारण ते आजही तिकीटघरच आहे.

आत शिरल्याबरोबर वर बघा. छताच्या कमानींचे वक्र पट्टे खांबांच्या माथ्यांवरून उठतात आणि वर एकमेकांना भेटतात. मधल्या निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तारे. दालनाचं नाव त्यावरूनच पडलं. खांब इटालियन संगमरवराचे आणि घोटून चमकवलेल्या निळसर हिंदुस्थानी दगडाचे. भिंतींना लावलेल्या चकचकीत टाइल्स इंग्लंडहून, मॉ अँड कंपनीकडून, आणलेल्या.

आता एकच खांब निवडा आणि त्याच्या माथ्याखाली दोन मिनिटं उभे राहा. पानं खालून वर वळत जातात, काही पुढे झुकतात, त्यांच्या मागे खोल सावली आहे. पानांच्या गर्दीत कुठे एखादं तोंड, कुठे एखादा जीव दडलेला. मग शेजारच्या खांबाकडे जा आणि दोन्ही ताडून पाहा. साच्यातून काढलेली नक्षी आणि हाताने कोरलेली नक्षी यांतला फरक डोळ्यांना शिकवायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

इथे काही पथ्यं पाळा. रांगेच्या आणि खिडक्यांच्या मध्ये उभे राहू नका, एखाद्या खांबाला पाठ लावून कडेला थांबा. तिवई मांडू नका. आपल्यापुरते मोबाइलवर फोटो काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते. पोलिसांनी पुढे व्हायला सांगितलं तर वाद न घालता पुढे व्हा.

आणि तिकीट काढाच. पुढच्या पायरीसाठी ते लागणार आहे. फलाट तिकीट १० रुपयांचं आणि दोन तास चालतं. जवळच्या स्थानकाचं लोकलचं तिकीट ५ रुपयांचं. परत जायचंच असेल तर सरळ परतीच्या प्रवासाचं तिकीट काढून टाका.

पायरी ७: लोकलच्या फलाटांवर

फलाटांच्या डोक्याशी उभे राहिलात की टर्मिनस म्हणजे काय ते समोर दिसतं. रूळ येतात आणि अडसराशी थांबतात. लोकल आली की रिकामी होते, भरते आणि आली तशी उलट्या दिशेने निघते. तिला वळायची गरज नाही, कारण दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. पलीकडे मेलच्या फलाटावर गोष्ट वेगळी. तिथे पुढे ओढत आणलेलं इंजिन डबे आणि अडसर यांच्यामध्ये अडकतं. डबे मागे ओढून नेले की मगच ते सुटतं. टर्मिनसला एवढे फलाट का लागतात, त्याचं अर्धं उत्तर यात आहे: इथे आलेली प्रत्येक गाडी फलाट अडवून बसते.

नवख्यांसाठी इंडिकेटरबद्दल थोडंसं. फलाट क्रमांकाबरोबर 'जलद' की 'धिमी' तेही वाचा. डावीकडची अक्षरं शेवटच्या स्थानकाची खूण असतात: टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण. हार्बरची गाडी १ किंवा २ वरून, बाकी सगळं ३ ते ७ वरून.

याच स्थानकातून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी सुटली, हार्बर मार्गाने कुर्ल्याला. फलाट १-२ वर उभे असाल तर हे आठवा.

पायरी ८: मेलच्या दालनात

लोकलच्या दालनातून सरळ पूर्वेकडे चालत राहा. छताची उंची बदलते, नक्षी संपते, बाकांच्या आणि सामानाच्या रांगा सुरू होतात. मेलचं दालन साधं आहे. घुमटाच्या इमारतीनंतर ते उघडंबोडकं वाटेल, पण त्याचा हेतूच निराळा: मोठा मोकळा तळ, जिथे शेकडो माणसं गाठोड्यांसकट बसू शकतील आणि तरी मध्ये चालायला वाट राहील. पंजाब मेल, डेक्कन क्वीन अशा जुन्या मानाच्या गाड्या इथूनच सुटतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी याच दालनात गोळीबार केला. या स्थानकात ५८ जणांचा जीव गेला. त्या वेळी निवेदक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून ध्वनिक्षेपकावर सतत सूचना देत राहिले आणि लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. कितीतरी माणसं त्यामुळे वाचली. मृतांच्या स्मरणार्थ इथे फलक आहे. तिथे फोटो काढू नका, नावं वाचा.

फलाट क्रमांक १८ च्या बाजूला रेल्वेने 'हेरिटेज गल्ली' केली आहे. जुनी इंजिनं आणि रेल्वेची जुनी अवजारं तिथे उघड्यावर मांडली आहेत. मुलांना हा भाग फार आवडतो. स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्याने या बाजूच्या काही वाटा अधूनमधून बंद असतात. अडलात तर हमालांना विचारा, त्यांच्याइतकी या जागेची माहिती कुणाला नाही.

पायरी ९: घुमटाखाली

ही पायरी सगळ्यांना जमेलच असं नाही, कारण घुमटाखालचा भाग म्हणजे चालू कार्यालय. मुख्यालयातलं वारसा संग्रहालय कामाच्या दिवशी दुपारी सशुल्क पाहता येतं आणि त्याबरोबर मधला जिनाही. वेळ आणि शुल्क जाण्याआधी रेल्वेकडे विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा.

जमलं तर चुकवू नका. जिना भिंतीतून निघून दोन्ही बाजूंनी वर चढतो. पायऱ्यांचे दगड एका टोकाला भिंतीत रुतवलेले, दुसरं टोक मोकळं. खालून आधाराचा खांब नाही. वर मान केली की घुमटाची आतली बाजू, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांतून खाली उतरलेला उजेड. काचांवर जीआयपीची चिन्हं शोधा. बाहेरून ज्या फासळ्या मोजल्या होत्या त्या आता आतून मोजा. सेंटरिंगशिवाय हे उभं केलं, हे इथे खरं अंगावर येतं.

पायरी १०: त्याच हाताची आणखी दोन कामं

पाय दुखत नसतील तर अजून थोडं चाला. समोरची महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली, तीही स्टीव्हन्सचीच. दोन्ही एकाच जागी उभं राहून पाहता येतात. पाच वर्षांत त्याचा हात कसा बदलला बघा: पालिकेच्या इमारतीत मनोरा अधिक उंच, आणि गॉथिक कमानींबरोबर घुमट-घुमट्यांचा भारतीय थाट जास्त मोकळेपणाने आलेला.

दक्षिणेचा जीपीओ मात्र वेगळ्या माणसाचा, जॉन बेगचा, १९१३ मध्ये पुरा झालेला. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. टपालाचं काही काम असेल तर आत जाऊन तो खालून पाहा.

तिसरी इमारत चर्चगेट स्थानकासमोर, पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, १८९९ चं. आझाद मैदानाच्या कडेने किंवा हुतात्मा चौकातून वीस मिनिटांत पोहोचाल. तिथे स्टीव्हन्सने पांढरे घुमट वापरले आहेत आणि दर्शनी माथ्यावरच्या मूर्तीने हातात चक्क इंजिन धरलं आहे. उन्हं असेपर्यंत पोहोचा, कारण हिचंही तोंड पश्चिमेला आहे. आणि घर पश्चिम रेल्वेवर असेल तर परतीची लोकल समोरच उभी असते.